अंदाजपत्रकातील एक ओळ

आमची एक आत्या इस्लापुरास दिलेली होती. आमचे गाव बोथ तालुक्यातले, आणि इस्लापूर त्याच डोंगररांगेच्या पलीकडचे. आजोबांच्या उमेदीच्या काळात दोन्ही गावे एकाच तालुक्यात होती, एकाच तहशिलीत सारा भरीत होती आणि एकाच मुन्सफापुढे भांडत होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट व राजुरा हे दोन तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर हे महसुली मंडळ एवढा भाग मुंबई राज्यात गेला. उलट नांदेड जिल्ह्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे आदिलाबादेस जोडली गेली. आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो. आत्याचे लग्न त्यानंतरचे, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ते परराज्यात झालेले. आजीस मात्र हे अखेरपर्यंत पटले नाही. "दोन डोंगर ओलांडले की लेकीचे घर, त्यात परराज्य कसले?" असे ती विचारीत असे.

शाळेला उन्हाळ्याची सुटी लागली की आमची रवानगी आत्याकडे होई. १९८१-८२ च्या सुमारास आम्ही अकरा-बारा वर्षांचे असू. आत्याची जमीन कोरडवाहू, त्यात माळाची. होळीनंतर शेतात करण्यासारखे काही उरत नसे. तरीही आत्या तांबडे फुटायच्या आत भाकऱ्या थापून, फडक्यात बांधून, डोक्यावर चुंबळ आणि काखेत पाटी घेऊन निघालेली असे. गावापासून कोसभर अंतरावर पाझर तलावाचे काम चालू होते. तिथे पन्नास-साठ बायाबापड्या माती वाहत. मुकादम हजेरी घेई. झाडाला बांधलेल्या झोळीत कुणाचे तरी मूल निजलेले असे. पगार हाती पडला की आत्या बाजारातून आमच्यासाठी शेव आणि गुडीशेव आणी. "हे सरकारी कामाचे हो," असे ती अभिमानाने सांगे. त्या कामास सगळे 'रोजगार हमी' म्हणत. ज्या बाईला स्वतःची सही येत नव्हती, ती 'हमी' हा शब्द मात्र ठसक्यात उच्चारी.

सुटी संपवून आम्ही गावी परतावे, तो इकडे अर्ध्या वस्तीच्या दारांना कुलपे. माणसे अंथरूण-पांघरूण बांधून निजामाबादेकडे कामास गेलेली. त्यांची मुले आमच्याच वर्गातली. ती जूनमध्ये शाळेत येत नसत. काही तर पुन्हा कधीच आली नाहीत. आम्ही वडिलांना विचारले की, आत्याला तिचे सरकार काम देते, तर आपल्याकडे का देत नाही? वडील म्हणाले, "तिकडचे सरकार निराळे." त्या वयात आमचे समाधान झाले. पाऊस जसा डोंगराच्या एका अंगाला पडतो आणि दुसऱ्या अंगाला पडत नाही, तसेच सरकारचे असेल, असे आम्ही समजलो.

पुढे एम. ए. च्या निमित्ताने संतवाङ्मयाचे वाचन चालू असता वि. स. पागे हे नाव प्रथम आमच्या दृष्टीस पडले. संतवाङ्मयाचा व्यासंग असलेले एक गृहस्थ, एवढीच त्यांची ओळख आम्हांस होती. हेच पागे १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते आणि आत्याच्या त्या पाझर तलावाचा उगम त्यांच्याच डोक्यात झाला होता, हे कळले तेव्हा आम्ही चकित झालो. वडिलांचे 'निराळे सरकार' म्हणजे पावसासारखी आकाशातून पडलेली गोष्ट नव्हती. एका विधिमंडळ सदस्याने ती आपल्या तालुक्यातील एका गावी करून पाहिली होती, आणि मग वर्षानुवर्षे तिचा पिच्छा पुरवला होता.

ही हकीकत आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस, विशेषतः पैनगंगेच्या अलीकडे राहणाऱ्यांस, ठाऊक नसेल. म्हणून ती जरा विस्ताराने सांगण्याची परवानगी घेतो.

१९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे पागे यांनी शेतीविकासाचा एक प्रयोग आरंभिला. ज्याच्या त्याच्या शेताची पाहणी करून बांधबंदिस्ती, विहीर, जमिनीची सुधारणा यांचा आराखडा करावा, असा मूळ बेत होता. पण काम पुढे सरकले तसे एक गोष्ट डोळ्यांत भरली. ज्याच्याजवळ जमीन आहे त्याच्या जमिनीचा विकास होईल, परंतु ज्याच्याजवळ जमीनच नाही किंवा असून नसल्यासारखी आहे, त्याचे काय? त्याच्याजवळ दोन हात आहेत. त्या हातांस बारमाही काम मिळण्याची तरतूद झाली नाही, तर गावाचा विकास झाला असे कोणत्या तोंडाने म्हणावे? या प्रश्नातून कामाच्या हमीची कल्पना आकारास आली. वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. त्यांना ती पटली आणि १९७२ साली ही योजना राज्यभर लागू करण्याचे ठरले.

नेमका त्याच वेळी तो भीषण दुष्काळ आला. योजना बाजूस ठेवून दुष्काळी कामे काढावी लागली, आणि १९७३ च्या उन्हाळ्यात अशा कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली. खडी फोडणाऱ्या स्त्रियांची त्या काळातील छायाचित्रे वाचकांनी पाहिली असतील. दुष्काळ ओसरल्यावर दुसरे एखादे सरकार हुश्श करून मोकळे झाले असते. महाराष्ट्रात मात्र उलटा विचार बळावला. अवर्षणाच्या वर्षी एवढ्या माणसांस काम देता येते, तर एरवीच्या वर्षी का येऊ नये, असे लोक विचारू लागले. समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, साम्यवादी या विरोधी बाकांवरील मंडळींनी मोर्चे काढले, मजुरांच्या परिषदा भरवल्या. विरोधक रस्त्यावर आणि सभापती खुर्चीवर असे दोघे एकाच मागणीच्या पाठीशी उभे, असे दृश्य आपल्या देशात फार वेळा दिसलेले नाही.

आता पैशाचा प्रश्न. येथेच या कथेतील खरे मर्म आहे, असे आम्हांस वाटते. योजना कितीही उदात्त असो, अंदाजपत्रकात तिच्यासाठी एक ओळ नसेल आणि त्या ओळीपुढे आकडा नसेल, तर ती भाषणापुरतीच राहते. महाराष्ट्राने १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा केला. नोकरदार, व्यापारी, वकील, डॉक्टर यांच्या प्राप्तीतून थोडी रक्कम कापून ती रोजगार हमीसाठी लावायची, असा त्यामागचा हेतू होता. त्याच्या जोडीला विक्रीकर, मोटार वाहन कर, बागायत जमीन यांवरही काही अधिभार बसवले, आणि या सर्वांतून जितकी रक्कम जमेल तितकीच रक्कम सरकारने आपल्या तिजोरीतून तीत घालावी असे ठरले. म्हणजे मुंबईच्या कचेरीत पंख्याखाली बसणाऱ्या कारकुनाच्या पगारातून निघालेला रुपया इस्लापूरच्या माळावर आमच्या आत्याच्या ओंजळीत येऊन पडत होता. त्या कारकुनास आमची आत्या ठाऊक नव्हती, आत्यास तो ठाऊक नव्हता.

येथे थोडे विषयांतर करतो. आमच्याही पगारपत्रकात व्यवसाय कर नावाचा एक रकाना आहे. तेलंगणात वीस हजारांवर वेतन असणाऱ्याचे दरमहा २०० रुपये कापले जातात, म्हणजे वर्षास २,४००. महाराष्ट्रात अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००, असे २,५०० होतात. घटनेच्या २७६ व्या कलमाने घातलेली मर्यादाही तेवढीच आहे. कर जवळजवळ सारखाच. परंतु आमच्याकडे तो सर्वसाधारण महसुलात मिसळतो. आमचे २०० रुपये कोणत्या ओंजळीत पडले, हे तीस वर्षे नोकरी करूनही आम्हांस सांगता येणार नाही.

रोजगार हमीचा कायदा १९७७ साली महाराष्ट्र विधिमंडळात एकमताने संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. कल्पनेस रुजू केले वसंतराव नाईकांनी. कर बसला तेव्हा आपल्या शेजारच्या नांदेडचे शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री होते. कायदा संमत झाला तेव्हा वसंतदादा पाटील, आणि अंमल सुरू झाला तेव्हा शरद पवार. चार मुख्यमंत्री झाले, मधल्या काळात आणीबाणी येऊन गेली, पक्ष फुटले, आघाड्या बदलल्या. तरी त्या ओळीवर काट मारण्याचे धैर्य कोणासही झाले नाही. खेड्यातील ज्या कोणा प्रौढ माणसास अंगमेहनतीचे काम हवे असेल त्याने मागावे, पंधरा दिवसांत सरकारने ते द्यावे, आणि न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा, असा तो कायदा. दिवसांची मर्यादा नव्हती. घरटी हिशेब नव्हता, प्रत्येक प्रौढ व्यक्तीस तो हक्क होता. म्हणून तर आत्यास नवऱ्याच्या नावावर नव्हे, स्वतःच्या नावावर हजेरी लावता आली.

सगळे सुरळीत होते असे मात्र कोणी समजू नये. बेकारी भत्ता एक रुपया, आणि तोही क्वचितच कोणाच्या हाती पडला. पावसाबरोबर वाहून जाणारे रस्ते झाले, खोट्या हजेऱ्या लागल्या. कराचा जमलेला सगळाच पैसा योजनेवर खर्च होत नाही, असाही आक्षेप पुढे घेतला गेला. आत्याच तक्रार करी की मुकादम माप कमी धरतो. पण ती तक्रार करी, हे महत्त्वाचे. अलीकडच्या बाजूला तक्रार कशाची करायची, हाच प्रश्न होता.

असे असता आमच्याकडे ती ओळ कधी उमटली? केंद्राच्या योजना आल्या नाहीत असे नाही. कामाच्या बदल्यात धान्य, जवाहर रोजगार, अशा कितीतरी येऊन गेल्या. पण त्या योजना होत्या. पैसा आला तर काम, नाही तर नाही. हक्क म्हणून कायदा आला तो संसदेने २००५ साली केला आणि २ फेब्रुवारी २००६ रोजी अनंतपूर जिल्ह्यातील बंडलापल्ली येथे त्याचा शुभारंभ झाला. पहिल्या टप्प्यातील दोनशे जिल्ह्यांत आमचे आदिलाबाद होते. महाराष्ट्राचा अनुभव या कायद्याच्या मुळाशी होता, हे सर्वमान्य आहे. इस्लापुरास १९७९, बोथास २००६. एकाच जुन्या तालुक्याच्या दोन अंगांमध्ये सत्तावीस वर्षांचे अंतर पडले. एवढ्या अवधीत एक पिढी शाळेत येऊन जाते. आमच्या वर्गातल्या त्या मुलांची मुलेसुद्धा तोवर निजामाबादेची वाट चालू लागली होती.

आमच्याकडे तेलुगूत या योजनेस 'उपाधी हामी' म्हणू लागले. 'हमी' आणि 'हामी'. शब्दाने डोंगर ओलांडला होता, फक्त उशिरा.

वाचकांपैकी कोणी म्हणतील की हे सारे मोठ्या लोकांचे, एखाद्या साध्या आमदाराच्या हाती असते काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर घटनेतच पाहावे. राज्याचे अंदाजपत्रक मंत्री मांडतात. २०३ व्या कलमाप्रमाणे प्रत्येक खात्याच्या अनुदानाची मागणी विधानसभेपुढे येते. सभागृहास ती मान्य करता येते, नाकारता येते किंवा कमी करता येते. वाढवता येत नाही. आमदार कपातसूचना देऊ शकतो. धोरणच नापसंत असेल तर मागणी एक रुपयावर आणावी, उधळपट्टी दिसली तर अमुक रक्कम कमी करावी, आणि एखादे गाऱ्हाणे वेशीवर टांगायचे असेल तर शंभर रुपयांची लाक्षणिक कपात सुचवावी. ही शंभर रुपयांची सूचना मंजूर होण्यासाठी नसतेच. तिच्या निमित्ताने मंत्र्यास उभे राहून उत्तर द्यावे लागते. लोकलेखा समिती आणि अंदाज समिती यांचे काम तर वर्तमानपत्रात येतही नाही. तेथे बसून गतवर्षीचा पैसा कोठे गेला हे कागद चाळून विचारणारा आमदार आपल्या मतदारसंघात कमानीवर झळकत नाही. पागे तर सभापती. वादात बोलण्याचीही त्यांस मोकळीक नव्हती. पैसा वाढवण्याचा अधिकार नाही आणि सभागृहात तोंड उघडण्याची सोय नाही, अशा माणसाने केवळ गावातील प्रयोगाच्या आणि पाठपुराव्याच्या बळावर राज्याच्या अंदाजपत्रकात एक नवी ओळ लिहवून घेतली.

त्याहीपूर्वीचे उदाहरण गोपाळ कृष्ण गोखले यांचे. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याच्या कौन्सिलात त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले, तेव्हा सभासदांस मत देण्याचाही अधिकार नव्हता, नुसती चर्चा करावयाची. सरकारी तिजोरीत शिल्लक दिसते ती रयतेच्या सुबत्तेची खूण नव्हे, कर गरजेहून अधिक बसवल्याचा तो पुरावा आहे, हे त्यांनी सरकारचेच आकडे पुढे ठेवून दाखविले. पुढच्याच वर्षी मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक रुपया झाला. गोखले हे आमच्यासारखेच शाळामास्तर, त्यातून अंकगणिताचे पाठ्यपुस्तक लिहिणारे. आमच्या जातभाईंनी एवढा अभिमान बाळगण्यास हरकत नसावी.

आमच्या जिल्ह्यासही आकड्यांची ही भाषा अगदी परकी नाही. फेब्रुवारी १९५६ च्या सामंजस्य करारात तेलंगणाचा शिल्लक महसूल तेलंगणातच खर्च व्हावा असे ठरले होते. ते पाळले गेले नाही, हे १९६९ च्या आंदोलनाचे एक मोठे कारण. कुमार ललित यांनी हिशेब केला तो सुमारे ३४ कोटी रुपयांचा, न्यायमूर्ती भार्गव समितीने केला तो सुमारे २८ कोटींचा. त्या वर्षी मंत्रिपदाचा राजीनामा देणारे कोंडा लक्ष्मण बापूजी हे आपल्याच वांकिडीचे, आणि १९५२ साली हैदराबादच्या विधानसभेत ते आसिफाबादेतून निवडून गेले होते. आमच्या वडीलधाऱ्यांच्या बैठकीत 'शिल्लक' हा शब्द त्या काळी जेवढा ऐकू येई, तेवढा आज येत नाही. २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य झाले. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. तेव्हापासून जणू हिशेब चुकता झाला, अशी आमची समजूत झालेली दिसते.

आज आमदार म्हटला की आमच्या समाजास आठवतो तो आमदार निधी. तेलंगणात हा निधी २०२१ साली तीन कोटींवरून पाच कोटींवर नेण्यात आला. पाच कोटी ऐकून डोळे विस्फारतात. पण एक साधे गणित करून पाहावे. आम्ही ते दहावीच्या मुलांस घातले होते. आमदार ११९. प्रत्येकी पाच कोटी धरले तर ५९५ कोटी. २०२५-२६ चे राज्याचे अंदाजपत्रक ३,०४,९६५ कोटींचे. म्हणजे शंभर रुपयांतील वीस पैसेसुद्धा नाहीत. त्या वीस पैशांसाठी आमची शिष्टमंडळे हारतुरे घेऊन जातात, आणि उरलेल्या नव्याण्णव रुपये ऐंशी पैशांबद्दल कोणी अवाक्षर विचारीत नाही.

आम्ही स्वतःस वगळीत नाही. काही वर्षांपूर्वी समाजाच्या एका शिष्टमंडळाबरोबर आम्हीही एका लोकप्रतिनिधीकडे गेलो होतो. मागणी होती समाजमंदिरास सभागृह बांधून देण्याची. ते मिळाले. परतताना आमच्या मनात आले की, ज्या शाळेत याच समाजाची मुले मराठीतून शिकतात, तेथे विषयशिक्षकाची जागा दोन वर्षे रिकामी आहे, आणि आपण ते बोललोही नाही. न बोलण्याचे कारण इतकेच की शिक्षकाची जागा आमदार निधीतून भरता येत नाही. ती शिक्षण खात्याच्या मागणीतून येते. ती कशी मागावी हे आमच्यापैकी कोणास ठाऊक नव्हते, आमच्यासारख्या मुख्याध्यापकासही नव्हते, हे कबूल केले पाहिजे.

लोकांपुढे बसून लोकांचे ऐकावे, ही चाल आमच्या मातीत नवी नाही. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेत दरबार भरतो. जोडेघाटच्या कोमराम भीमच्या लढ्यानंतर निजाम सरकारने हायमेंडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञास पाठविले, आणि १९४० च्या दशकात त्यांच्या पुढाकाराने हा दरबार सुरू झाला. अधिकारी आणि लोकप्रतिनिधी गोंड बांधवांसमोर बसतात आणि गाऱ्हाणी ऐकतात. कलेक्टर कचेरीत सोमवारी प्रजावाणी असते. हे सर्व ठीकच आहे. पण गाऱ्हाणे ऐकणे आणि हिशेब देणे यांत अंतर आहे, आणि ते आम्हांस एका प्रसंगी फार जवळून पाहावयास मिळाले.

उपाधी हामी सुरू झाल्यावर आंध्र प्रदेशाने एक गोष्ट इतर राज्यांच्या आधी नेटाने केली, ती म्हणजे सामाजिक लेखापरीक्षण. गावातील शिकलेली मुले हजेरीपट घेऊन घरोघर जात, कोणी किती दिवस काम केले आणि किती पैसे मिळाले ते विचारीत, आणि मग मंडळाच्या ठिकाणी सर्वांसमक्ष ते वाचून दाखवीत. अशा एका सभेस आम्ही श्रोते म्हणून गेलो होतो. वाचणारी मुलगी आमची विद्यार्थिनी, आईबाप दोघेही मजूर. तिने एका गावाच्या हजेरीपटातील एक नाव वाचले, दिवस वाचले, रक्कम वाचली. मागून एक म्हातारा उठला आणि म्हणाला, "तो माझा भाऊ. त्याला जाऊन तीन वर्षे झाली." मंडपात कोणी हसले नाही. मुलीने आवंढा गिळला आणि पुढचे नाव वाचले. आम्ही आयुष्यभर हजेरीपट भरले. हजेरीपट मोठ्याने वाचण्यास किती धैर्य लागते, हे त्या दिवशी कळले.

हे आज सांगण्याचे कारण आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने जुन्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. वर्षातील कामाचे दिवस शंभरावरून १२५ झाले, हे सर्वांनी वाचले. त्यातील दुसरे कलम तितक्या आवडीने वाचले गेले नाही. पूर्वी मजुरीचा खर्च सर्वस्वी केंद्र देत असे. नव्या व्यवस्थेत खर्चाचा ४० टक्के वाटा तेलंगणासारख्या राज्यांनी उचलायचा आहे. दिवस कायद्यात वाढले, पण ते माळावर प्रत्यक्ष मिळणे आता हैदराबादेतील अंदाजपत्रकातल्या त्या ओळीवर अवलंबून राहील. ती ओळ किती रुंद आहे, तिच्यात आदिलाबादचा भाग किती, आणि कापूस वेचणी संपल्यावरच्या चार महिन्यांत तो पैसा वेळेवर येतो की नाही, हे विचारण्याचे काम आमदारांचे आहे. आमच्या जिल्ह्यातील आमदार कोणत्या पक्षाचे आहेत हे येथे गौण आहे. शंभर रुपयांची कपातसूचना कोणत्याही बाकावरून देता येते, आणि प्रश्न विचारण्यास तर तेवढेही लागत नाही.

आमच्या शाळेच्या हजेरीपटावरून एवढे सांगू शकतो की, ज्या वर्षी गावाजवळ काम निघते त्या वर्षी फेब्रुवारीनंतर मुलांची गळती कमी होते. याची आकडेवारी आम्ही कोठे छापलेली नाही. आमच्या कपाटात दरसालचे हजेरीपट आहेत, कोणीही येऊन पाहावेत.

गेल्या महिन्यात पालकांच्या सभेत हा विषय निघाला. अर्ज करावा असे ठरले. तो तेलुगूत लिहावा की इंग्रजीत, यावर बराच वेळ खल झाला, कारण पालकांपैकी बहुतेकांस दोन्ही नीट येत नाहीत. आम्ही त्यांस घटनेचे ३५० वे कलम वाचून दाखविले. गाऱ्हाण्याच्या निवारणार्थ करावयाचा अर्ज संघराज्यात वा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकास आहे. मराठी या जिल्ह्यात वापरात नाही असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? तेव्हा अर्ज मराठीत लिहिला, आणि अधिकाऱ्यांच्या सोयीसाठी सोबत तेलुगू भाषांतर जोडले. मागणी कमानीची नाही, सभागृहाचीही नाही. तीन प्रश्न आहेत. राज्याने या कामासाठी किती तरतूद केली, तीतून आदिलाबाद जिल्ह्यास किती, आणि आमच्या मंडळात गेल्या वर्षी काम मागणाऱ्या किती जणांस पंधरा दिवसांत काम मिळाले.

आम्ही सरकारी नोकर, त्यामुळे अर्जावर आमची सही नाही. शुद्धलेखन तेवढे आमचे. एकेचाळीस पालकांच्या सह्या आणि सतरा अंगठे आहेत. एक प्रत सोमवारी प्रजावाणीत दिली, दुसरी आमदारांच्या कचेरीत. दोन्हींची पोच मिळाली आहे. सभेस आलेल्या एका आजीबाईंचे माहेर इस्लापूरकडचे. अंगठा उठवून झाल्यावर बोटाची शाई पदरास पुसत त्यांनी विचारले, "मास्तर, उत्तर किती दिवसांत येतं?"

आम्ही म्हटले, "कामासाठी पंधरा दिवस असतात, आजी. उत्तराचे कायद्यात लिहिलेले नाही."

"मग मी पंधराव्या दिवशी येते," असे म्हणून त्या उठल्या.